एक पूर्णांक सात-तीन-दोन: गणित आणि फिजिक्सची पुस्तकं आम्ही कशी निवडली

सेलूला माझं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरची किंवा बोअरमधली मोटार जळाली की शेतकरी ती सोडवून आमच्याकडं आणतो. जळालेली तार काढायची, स्लॉट साफ करायचे, नवा पेपर घालायचा, त्याच गेजची (जाडीची) तार तेवढ्याच टर्नमध्ये (वेढ्यांत) भरायची, वार्निश देऊन वाळवायची आणि टेस्ट करून द्यायची, हे आमचं काम. परभणीला एका उस्तादांच्या हाताखाली मी ते शिकलो. हिशोबाचे आकडेही त्यांनीच दिले. स्टार जोडणीत, म्हणजे तिन्ही फेजच्या वायंडिंगची एकेक टोकं न्यूट्रलला एकत्र बांधलेली असली की, फेजच्या व्होल्टेजला १.७३२ नं गुणलं की लाइनचं व्होल्टेज येतं. १२० ला फ्रिक्वेन्सीनं गुणून पोलच्या (चुंबकाच्या ध्रुवांच्या) संख्येनं भागलं की स्पीड येतो. नव्यानं टर्न काढायच्या असतील तर सूत्रात ४.४४ येतं.

१२० चं कोडं लवकर सुटलं. सेकंदाचं मिनिट करायला ६० आणि पोल जोडीनं मोजायचे म्हणून २. पण १.७३२ कुठून आलं, आणि ४.४४ कुठून? उस्तादांना विचारलं तर ते प्रेमानं म्हणायचे, "आकडा सही है बेटा, लगा दे." आकडा खरोखरच बरोबर होता. भरलेल्या मोटारी वर्षानुवर्षं चालल्या. पण हातातलं काम ज्या आकड्यांवर उभं आहे त्यांचं मूळ आपल्याला माहीत असावं, असं मला मनापासून वाटत राहिलं. दहावीनंतर माझी शाळा सुटली होती, तेव्हा विचारायला मास्तर नव्हते. राहिली पुस्तकं.

मुलगी अकरावी सायन्सला गेली तेव्हा या गोष्टीला तोंड फुटलं. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या बहुतेक लेकरांसारखीच तीही दहावीपर्यंत मराठीत शिकली आणि अकरावीत एकदम इंग्रजीतलं फिजिक्स समोर आलं. "पप्पा, सर फळ्यावर सांगतेत ते कळतंय, पण पुस्तक उघडलं की काहीच कळंना," म्हणाली. मी म्हटलं, आपण दोघं मिळून पुस्तकं शोधू. तुला परीक्षेला लागतील ती, मला माझ्या दोन आकड्यांसाठी लागतील ती. बघू एकच पुस्तक दोघांना पुरतंय का.

छत्रपती संभाजीनगरला तांब्याची तार आणायला जातो तेव्हा औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत जायचं ठरवलं. पहिल्याच दुकानात काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "कोणती परीक्षा?" जेईई, नीट, सीईटी, डिप्लोमा, पोलीस भरती, अशी सगळी मांडणी परीक्षेच्या नावानं. मी म्हटलं, परीक्षा नाही, समजून घ्यायचंय. माणूस भला होता. त्यानं विचार केला आणि तीन-चार जाडजूड पुस्तकं काढून दिली. सगळ्यांत सूत्रांच्या चौकटी, खाली प्रश्न, शेवटी उत्तरं. सूत्र कसं आलं ते कुठंच नाही. अशी पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. ज्याला विषय आधीच कळलाय आणि हात चालवायचाय, त्याच्या ती कामाची. पण "सोपं करून दिलंय" असं ज्यांच्या पाठीवर छापलेलं असतं त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत सोपं करणं म्हणजे मधल्या पायऱ्या गाळणं असतं, आणि नव्यानं शिकणाऱ्याला नेमक्या त्याच पायऱ्या लागतात. त्या दिवशी तार घेतली आणि पुस्तक न घेता गाडीत बसलो.

गावात गणिताचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांची पाण्याची मोटार आमच्याकडंच भरलेली. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी जे सांगितलं ते इथं मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण पुढची सगळी निवड त्यावरच झाली.

"पुस्तक तुम्हाला काय देतंय ते नंतर बघा," गुरुजी म्हणाले. "आधी तुमचा स्वतःचा एक प्रश्न घेऊन जा. ज्या पुस्तकात त्या प्रश्नाच्या दिशेनं एक तरी पाऊल पडतंय ते बाजूला काढा. मग मधलंच एखादं प्रकरण उघडा, पहिलं नको. पहिलं प्रकरण सगळेच लेखक जीव लावून लिहितेत. सोडवून दाखवलेलं एक उदाहरण घ्या, उत्तरावर वही ठेवा. एक ओळ उघडी करा, पुढची ओळ स्वतः लिहून बघा, मग वही खाली सरकवा. प्रत्येक ओळीला अडलात तर ते पुस्तक तुमच्या वरच्या पायरीचं आहे, ठेवून द्या, दोन वर्षांनी घ्या. कुठंच अडला नाहीत तर ते खालचं. उदाहरणात एक-दोनदा अडलात आणि उत्तर बघितल्यावर 'असं होय!' म्हणालात, तर ते आत्ताचं."

आणखी एक म्हणाले, जे मला फार पटलं. मागं उत्तरं नसलेलं पुस्तक एकट्यानं शिकणाऱ्यानं घेऊ नये. वर्गात मास्तर तपासतो, घरी मागचं पानच तपासतं.

सुरुवात त्यांनी मला आठवी, नववी आणि दहावीच्या बालभारतीच्या पुस्तकांपासून करायला लावली. ही पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मुलीची दहावीची तर घरातच होती. एका मोठ्या माणसानं आठवीचं पुस्तक उघडून बसायचं, हे बघून दुकानात येणाऱ्यांना नवल वाटायचं. एक काका म्हणाले, "कामून वाचायलाव हे? परत शाळेत जाताव का?" मी त्यांना १.७३२ ची गोष्ट सांगितली तर तेच बसून ऐकायला लागले, कारण मोटार आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टात जोडणारा स्टार-डेल्टा स्टार्टर त्यांच्याही विहिरीवर आहे.

दहावीच्या गणित भाग २ मध्ये त्रिकोणमितीचं प्रकरण आहे आणि नववीच्याही भाग २ मध्ये त्याची सुरुवात आहे. ३०, ४५, ६० अंशांच्या साइन-कोसाइनचं कोष्टक तिथं आहे. त्याच्याही आधी ३०-६०-९० च्या त्रिकोणाचा गुणधर्म आहे: ६० अंशांसमोरची बाजू कर्णाच्या √३/२ पट. √३ दिसल्याबरोबर मी कॅल्क्युलेटर काढला. १.७३२. आकडा शाळेच्या पुस्तकात बसलेला होता.

मग गुरुजींच्या ओट्यावर बसून आकृती काढली. एका बिंदूतून दोन रेघा, दोन्ही २४० च्या, मधला कोन १२० अंश. ही दोन फेज. तो बिंदू म्हणजे न्यूट्रल. दोन्ही टोकं जोडणारी तिसरी रेघ म्हणजे दोन फेजमधलं व्होल्टेज, लाइनचं. न्यूट्रलच्या बिंदूतून त्या रेघेवर लंब टाकला की १२० चे दोन ६० होतात आणि दोन सारखे काटकोन त्रिकोण मिळतात. कर्ण २४०, ६० अंशांसमोरची बाजू २४० गुणिले साइन ६०, म्हणजे २०७.८. दोन्ही बाजूंची मिळून ४१५.७. अर्धा √३ दोनदा, म्हणजे पूर्ण √३. माझ्या दुकानातल्या भिंतीवरच्या व्होल्टमीटरवर जे ४१५ दिसतं ते त्या आकृतीत उतरलं होतं. मी इतकी वर्षं ज्याला नुसतं गुणत आलो ते एका समद्विभुज त्रिकोणाचा पाया होता. आनंद झाला, हे साध्या शब्दांत सांगतो.

म्हणून कुणीही गणित-फिजिक्स नव्यानं शिकायला निघालं आणि पुस्तक विचारलं, तर माझं पहिलं उत्तर हेच असतं: आठवी ते दहावीची बालभारती, मराठीतली, उदाहरणं सोडवत. लोकांना वाटतं हे तर लहान मुलांचं. पण त्यात पायऱ्या गाळलेल्या नाहीत, चित्रं मोठी आहेत आणि आपल्या भाषेत विचार करता येतो. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातलं 'विद्युतधारेचे परिणाम' हे प्रकरण मी मोटार भरायला येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला वाचायला देतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा ज्यूलचा नियम तिथं आहे. त्यावरून आम्ही एक हिशोब केला. चालू थ्री फेज मोटारीचा एक फेज गेला, भार आणि पॉवर फॅक्टर तोच धरला, तर उरलेल्या दोन तारांतला करंट १.७३२ पट होतो. आणि १.७३२ चा वर्ग ३. स्टारमधल्या त्या दोन वायंडिंगमध्ये तिप्पट उष्णता. एक फेज गेलेली मोटार आमच्याकडं येते तेव्हा दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर आणि तिसरी तशीच पिवळी असते, ते का, हे त्या पोराला आता मी वहीवर दाखवू शकतो.

तरी बालभारतीत माझ्यासाठी एक उणीव होती. तिथली मोटार ब्रशवाली आहे (ब्रश म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे), डीसीची. आमच्याकडं येणाऱ्या मोटारीला ब्रश नसतोच. शिवाय व्होल्टेज ही काही जमिनीवरची लांबी नाही, मग ते रेघेनं का दाखवायचं, हा प्रश्न माझा मलाच पडला आणि त्याचं उत्तर दहावीपर्यंत नाही.

तिथून पुढं एनसीईआरटी. अकरावी-बारावीची फिजिक्सची आणि गणिताची पुस्तकं त्यांच्या साइटवर इंग्रजीत आणि हिंदीत दोन्ही मोफत आहेत. आम्ही एक युक्ती केली. बारावीच्या पहिल्या भागातली विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि प्रत्यावर्ती धारा ही दोन प्रकरणं हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडून झेरॉक्सवाल्याकडं छापून घेतली आणि पानासमोर पान लावून स्पायरल केलं. मुलगी इंग्रजी वाचायची, अडली की समोरचं हिंदी. मी हिंदी वाचायचो, चिन्हं इंग्रजीत बघायचो. हिंदीतल्या काही संज्ञा मराठीपेक्षा वेगळ्या आहेत, पण आकृती तीच आणि समीकरण तेच, त्यामुळं चार-सहा पानांत सवय होते. मुलीच्या वर्गातल्या आणखी दोघी-तिघींनी तसंच करून घेतलं. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्या लेकरासाठी कोचिंगच्या नोट्सच्या आधी ही जोड-प्रत द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

भाषेवरून आठवलं. उस्तादांच्या घरात त्यांच्या वडिलांचं उर्दूतलं फिजिक्सचं एक जुनं पुस्तक होतं, पानं पिवळी पडलेली, आकृत्या मात्र स्वच्छ. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शास्त्राचे विषयसुद्धा उर्दूतून शिकवले जात. त्यासाठी पुस्तकं भाषांतर करायला सरकारनं वेगळं खातंच काढलं होतं. कॉलेजातलं फिजिक्स देशी भाषेत शिकता येतं, हे याच मुलखात घडून गेलेलं आहे. आज बारावीचं फिजिक्स मराठीत शोधायला गेलं की हात रिकामा येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एनसीईआरटीच्या प्रत्यावर्ती धारेच्या प्रकरणात फेजर भेटला. साइनच्या लाटेसारखं वरखाली होणारं व्होल्टेज म्हणजे गोल फिरणाऱ्या एका बाणाची सावली, असं धरायचं. बाणाची लांबी म्हणजे लाटेची उंची, दोन बाणांमधला कोन म्हणजे दोन लाटांमधला उशीर. गुरुजींच्या ओट्यावर काढलेल्या रेघा हे बाणच होते. मुलीनं तेच अकरावीच्या गणितातल्या सूत्रानं करून दाखवलं: साइन थीटामधून साइन थीटा-उणे-१२० वजा केलं की दोन गुणिले साइन ६० बाहेर येतं आणि कोसाइनची एक लाट उरते. पुन्हा √३. एकच उत्तर दोन वेगळ्या वाटांनी आलं तेव्हा माझी पक्की खात्री पटली. तिची परीक्षाही त्याच सूत्रावर होती, त्यामुळं त्या संध्याकाळी एका वहीत दोघांचं काम झालं.

या प्रकरणात थ्री फेज मात्र नाही. फिजिक्सची पुस्तकं एका फेजवर थांबतात. थ्री फेज बघायचं तर ट्रेडच्या पुस्तकांकडं जावं लागतं आणि त्यांचा स्वभाव वेगळा. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनसाठी चेन्नईची निमी संस्था जी पुस्तकं काढते ती मला फार आवडली. हत्यारं, जोडणी, टेस्टिंग, सगळं क्रमानं आणि चित्रांसह. नवीन पोराच्या हातात द्यायला त्याहून चांगलं मी बघितलेलं नाही. पण सूत्र तिथं दिलेलं असतं, काढून दाखवलेलं नसतं. थेराजांचं इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजीचं पुस्तक, जे डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं वापरतात, त्यात स्टार-डेल्टाची आकृती आहे, सोडवलेली उदाहरणं भरपूर आहेत. गुरुजींची वही-सरकवायची परीक्षा मी त्यावर घेतली. बालभारती आणि एनसीईआरटीच्या आधी घेतली असती तर पहिल्याच ओळीला अडलो असतो. नंतर घेतली तेव्हा उदाहरण अर्धंअधिक सुटलं. पुस्तक तेच, पण कोणत्या पुस्तकानंतर हातात आलं त्यावर ते अवघड की सोपं ते ठरलं. सुगम पुस्तकांच्या याद्या सगळीकडं फिरतात, त्यात क्रम क्वचितच असतो. मला वाटतं यादीपेक्षा क्रम सांगणारा माणूस शोधावा.

एच. सी. वर्मांच्या 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'चे दोन खंड एका गिऱ्हाइकाच्या मुलाकडून आले. तो लातूरला शिकून आला होता आणि परीक्षा झाल्यावर पुस्तकं माळ्यावर ठेवलेली होती. लातूरच्या क्लासच्या मुलांकडं हे पुस्तक असतंच आणि त्यांचं काम झालं की ते निम्म्या किमतीत किंवा नुसतं मागितलं तरी मिळतं, म्हणून नवीन घेण्याआधी विचारून बघावं. पहिल्या खंडात यांत्रिकी, तरंग आणि प्रकाश, दुसऱ्यात उष्णता, वीज, चुंबकत्व. लोक म्हणतात हे जेईईचं पुस्तक, अवघड. माझा अनुभव वेगळा आहे. प्रश्न अवघड आहेत, स्पष्टीकरण नाही. वर्मा एक कल्पना घेतात आणि आपण कुठं चुकीचं समजू शकतो तिथं थांबून बोलतात. मी प्रत्येक प्रकरणातलं स्पष्टीकरण आणि सोडवलेली उदाहरणं घेतली आणि मागचे कठीण प्रश्न मुलीसाठी सोडले. पुस्तक पूर्ण संपवलंच पाहिजे असा नियम नाही. हे पुस्तक हिंदीतही आहे, ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी ते बघावं.

त्यांच्या पहिल्या खंडातलं दुसरं प्रकरण फिजिक्सला लागणाऱ्या गणिताचं आहे, त्यात थोडं कॅल्क्युलस, म्हणजे बदलाच्या दराचं गणित, येतं. थोड्या पानांत खूप काही. मला ते वेगानं गेल्यासारखं वाटलं आणि माझं ४.४४ तर त्याच्याच पलीकडं उभं होतं. म्हणून निव्वळ कॅल्क्युलससाठी पुस्तक शोधायला लागलो.

या शोधात बरंच पालथं घातलं. एस. एल. लोनीचं त्रिकोणमितीचं पुस्तक गुरुजींच्या कपाटात होतं. त्यांचं ते लाडकं, माझ्यासाठी पुष्कळ वरचं. इरोडोव्हचा फिजिक्सचा प्रश्नसंग्रह मुलीच्या एका मैत्रिणीनं आणून दाखवला. तो शिकायचा नाही, शिकलेलं घासायचा आहे. पेरेलमानचं मनोरंजक भौतिकशास्त्र मी मुलाला दिलं, तो सातवीत आहे आणि रोज जेवताना त्यातला एक प्रश्न आम्हाला घालतो. लहान मुलांत विषयाची गोडी लावायला ते उत्तम, पण माझ्या आकड्याकडं त्यातून वाट जात नाही.

अखेर सापडलं ते १९१० चं. सिल्व्हेनस थॉम्पसन यांचं 'कॅल्क्युलस मेड ईझी'. लेखकाला जाऊन शतक उलटलं आहे, त्यामुळं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते कायदेशीरपणे फुकट मिळतं. बहुतेक जण या पुस्तकाकडं गणिताचं हलकंफुलकं पुस्तक म्हणून बघतात. मला त्याचं मोल वेगळं वाटतं. थॉम्पसन लंडनला फिन्सबरीच्या टेक्निकल कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि डायनॅमोवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिलेला आहे. म्हणजे त्यांच्यासमोर माझ्यासारखीच, विजेच्या यंत्रांचं काम शिकणारी पोरं बसलेली होती. पुस्तकाचा सूरच सांगतो की लेखकाला वाचक अडतो कुठं ते माहीत आहे. 'डी' हे अक्षर म्हणजे त्या राशीचा अगदी छोटा तुकडा, आणि लांबट 'एस' सारखं चिन्ह म्हणजे अशा तुकड्यांची बेरीज, एवढं सांगून ते सुरुवात करतात. तासाच्या मानानं मिनिट छोटं, सेकंद त्याहून छोटा, मग छोट्याचाही छोटा भाग हिशोबात का सोडून देता येतो, ते दाखवतात. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे. मुलगी आणि मी रात्री दुकान बंद झाल्यावर ती वाचणार, मी वहीत मराठीत उतरवणार, असं करत गेलो. रब्बीत मोटारी जास्त जळतात, त्या दिवसांत अभ्यास मागं पडायचा. पावसाळ्यात काम कमी, तेव्हा सलग व्हायचा. गुरुजींच्या परीक्षेत हे पुस्तक नेमकं बसलं: अडायचो, उत्तर बघायचो, आणि कळायचं. मागं उत्तरं आहेत.

साइनच्या बदलाचा दर कोसाइन, हे त्यात आलं. कॉइलमधलं व्होल्टेज म्हणजे टर्न गुणिले फ्लक्सच्या (कॉइलमधून जाणाऱ्या चुंबकत्वाच्या) बदलाचा दर, हे फॅरडेचं १८३१ चं, एनसीईआरटीत वाचलेलं. फ्लक्स साइनसारखा वरखाली होत असेल तर त्याच्या बदलाच्या दरात २π गुणिले फ्रिक्वेन्सी बाहेर पडते. आणि मीटर दाखवतो ते लाटेचं टोक नसतं, आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं मूळ असतं, टोकाच्या १/√२. हे √२ का, तेही थॉम्पसन यांच्या पुस्तकात आहे. वर्गांच्या सरासरीचं मूळ कसं काढायचं ते सांगताना ते एसी करंटचाच उल्लेख करतात. २π ला √२ नं भागलं. ४.४४.

त्या दिवशी हा आकडा मी दुकानातल्या फळ्यावर पूर्ण पायऱ्यांसह लिहिला आणि कामावरच्या पोरांना समजावला. त्याचा उपयोग लगेच दिसतो. कुणी तार वाचवायला टर्न कमी भरल्या, तर तेच व्होल्टेज पेलायला फ्लक्स वाढावा लागतो, स्टेटरचं (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाचं) लोखंड सॅच्युरेट होतं, म्हणजे आणखी फ्लक्स त्याला पेलवत नाही, नो-लोडचा करंट चढतो आणि मोटार रिकामी फिरतानाही तापते. पोरं ते आधीही अनुभवानं जाणत होती. आता टाँग टेस्टरवरचा (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायच्या मीटरवरचा) आकडा चढलेला दिसला की टर्न किती कमी असतील याचा अंदाज कागदावर काढतात.

ब्रश नसलेली मोटार फिरते कशी, याचं सगळ्यात सुंदर वर्णन मला अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या फिजिक्सवरच्या व्याख्यानांच्या दुसऱ्या खंडात मिळालं. ही व्याख्यानं १९६१ ते १९६३ मध्ये कॅलटेकला झाली आणि आता ती साइटवर मोफत वाचता येतात. त्या खंडातलं बरंचसं गणित माझ्या आवाक्याबाहेर आहे. पण प्रवर्तित करंटवरच्या सोळाव्या प्रकरणात कॉइलींमधून फिरणारं चुंबकक्षेत्र आणि त्याच्यामागं ओढला जाणारा वाहक याचं वर्णन जवळजवळ सूत्रांशिवाय आहे. पुस्तक अवघड असलं तरी त्यातलं एक प्रकरण आपल्यासाठी उघडं असू शकतं. अनुक्रमणिका चाळून ते शोधायला काही हरकत नाही.

घरी जाताना गिऱ्हाइकं विचारतात की एवढी पुस्तकं वाचायची म्हणजे खर्च किती. फार नाही. बालभारती, एनसीईआरटी, थॉम्पसन, फाइनमन फुकट आहेत, वर्मा जुने मिळाले, थेराजा गुरुजींच्या मुलाचं. खर्च झाला तो छपाईचा. फोनवर वाचून बघितलं, पण फोनच्या पडद्यावर आकृती एकीकडं आणि समीकरण दुसरीकडं जातं, बोटानं सरकवेपर्यंत धागा सुटतो. ज्या प्रकरणावर काम करायचं तेवढंच छापून घेतो, एका बाजूनं, म्हणजे मागच्या कोऱ्या पानावर पायऱ्या लिहिता येतात.

सध्या नवा प्रश्न 'जे' चा आहे. थेराजांच्या पुस्तकात थ्री फेजच्या हिशोबात हे अक्षर जागोजागी येतं आणि त्यानं गुणलं की बाण ९० अंशांत फिरतो असं सांगून पुढं जातात. का फिरतो? अकरावीच्या एनसीईआरटीत संमिश्र संख्यांचं प्रकरण आहे, ते उणे एकच्या वर्गमूळापासून सुरू होतं. मुलीचं म्हणणं, तिथंच बघायचं, कारण संमिश्र संख्या कागदावर बिंदूनं दाखवणारी आर्गंडची आकृती त्यात आहे. गुरुजी म्हणतात आधी निर्देशक भूमिती पुन्हा करा, दहावीच्या भाग २ मधली. दोन्ही प्रकरणं छापून आणली आहेत. तिची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, ती संपली की गुरुजींची वही सरकवून दोन्ही तपासणार आहोत.